नवमीच्या रातीचा हुंकार

लाईट गेली की तुमाला माझीच आठवन. एकदाच सांगतो. मदी कुनी हसलं तर उठून जाईन. आन् छगन, ती बिडी विझव आदी.

नगरच्या एका कालेजात मी रातचा पहारेकरी हुतो. तिथं नृसिंह सर मराठी शिकवायचे. दिवसा जुन्या पोथ्यांवर जाडजूड लेख, राती भुताच्या गोष्टी. बाकीचे मास्तर मागून 'भूतमास्तर' म्हनायचे, पर दिवाळी अंकवाले सरांसाठी थांबायचे. सरांची रीत एकच. गोष्ट आदी तोंडानं सांगायची, मंग लिहायची. समोर बायको, नीलांबरीबाई, हुंकार द्यायला. बाई अहेवपनी गेल्या, आन् गोष्टीतली भीतीबी गेली. वर्सात तीन गोष्टी माघारी आल्या.

बहात्तर साल, दुष्काळाचं. पितरपाटातली नवमी, अहेव मेलेल्या बायांची. राती दहाला सरांनी मला घरी बोलावलं.

"बन्सी, पहाटे साडेपाचच्या पुण्याच्या एस्टीनं गोष्ट गेली नाही, तर अंकवाले मला परत दारात उभं करणार नाहीत. मी संपलो. तू फक्त हुंकार दे."

"मला त्यातलं काय कळतंय, सर?"

"कळायला कशाला हवंय? हूं म्हण."

म्हनत बसलो. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडलेली. डोळा लागला.

जाग आली तवा सव्वादोन. सर सांगतच हुते. हुंकारबी चालूच हुता.

माझं तोंड तर मिटलेलं.

बाईचा आवाज. दाराकडनं.

"सर…"

त्यांनी हातानंच मला गप केलं. डोळ्यांत पानी, तोंडावर हसू. गोष्ट संपली. सर थांबले.

हूं.

"संपली गं," सर म्हनले.

हूं… आता खाटंजवळ.

सरांनी दुसरी गोष्ट धरली. मंग तिसरी. मंग पोथ्या, लेख. तेबी सरलं. मंग वर्गातल्या पोरांची हजेरी, एकेक नाव. घसा फाटला. थांबले की…

हूं.

"बन्सी, तू सांग काहीतरी. माझ्याजवळ काही उरलं नाही."



हूं… सरांच्या कानाशी.

उजाडलं तवा सरांचे ओठ हलत हुते. आवाज नव्हता. एस्टी गेली. पुढं नोकरी गेली. आवाज मरस्तवर आला न्हाई.

कागदं मी सोता उचलली. सगळी कोरी. एक ओळ लिहिलेली नव्हती. आन् दिवाळीला अंक आला, त्यात सरांच्या नावानं गोष्ट. लायब्ररीवाल्यानं मला वाचून दाखवली. डोळा लागंपतूर ऐकलेली, तीच. पुढचीबी, शेवटापतूर. कुनी लिहिली, कुनी धाडली…

आन् शहरभर बोंब काय, तर पहारेकऱ्यानं सरांना शेंदूर चारला, म्हनून वाचा गेली. पन्नास वर्सं झाली. ही बोंब उठवनारा अजून जिता हाय, सावेडीत नातवंडं खेळवतोय. त्यानं माझी माफी मागायची ऱ्हायलीय. नीलांबरीबाईंचा सख्खा भाऊ, विष्णुपंत.