काचेखालच्या पट्टीवरचं नाणं

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

तुम्ही विश्वास ठेवा असा माझा हट्ट नाही. माझ्या पोटच्या मुलीने ठेवला नाही, तर तुमच्यावर काय रुसायचं?

मी एल्वी कोस्केला. कॅनडातल्या थंडर बेमध्ये जन्मले, इथेच म्हातारी झाले. भुताच्या गोष्टी सुरू झाल्या की उठून कॉफी टाकायला जाणाऱ्यांतली मी.

तेव्हा रात्र नव्हती. दुपार होती. फेब्रुवारीतली लख्ख दुपार, बाहेर डोळे दिपवणारं बर्फ... आणि आमचं तळघर.

पण आधी थोडं जुनं सांगते.

एके काळी बे स्ट्रीटच्या मागे कपडे धुण्याचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत मी आणि माझा नवरा रेइनो, आम्ही व्हिडिओ गेमची मशीन्स चालवायचो. लोक कपडे धुवायला टाकत आणि मागे येऊन खेळत. साबणाचा, ओल्या लोकरीच्या मोज्यांचा वास. मी सुटे पैसे द्यायची, रेइनो मशीन्स दुरुस्त करायचा. काय दिवस होते ते!

तिथे एक रीत होती. कुणी खेळत असेल, तर पुढच्याने आपलं नाणं मशीनच्या पडद्याच्या काचेखालच्या पट्टीवर ठेवायचं. पंचवीस सेंटचं नाणं, रेनडिअरची बाजू वर. म्हणजे पुढचा डाव माझा. डाव संपला की खेळणाऱ्याने मुकाट्याने उठायचं, मग तो कितीही दांडगा असो. आणि दुसऱ्याच्या नाण्याला कुणी हात लावायचा नाही. लाकूडतोडेसुद्धा ही रीत पाळायचे.

पुढे ते सगळं बंद झालं. एक मशीन मात्र रेइनोने घरी आणलं, तळघरात ठेवलं. त्याचं आतलं बोर्ड जळालेलं होतं. कितीतरी वर्षं त्याच्यावर मी लोणच्याच्या बरण्या ठेवत होते.

मग रेइनोला झटका आला.

उजवा हात लुळा पडला. बोलणं गेलं. माझं नावसुद्धा त्याला म्हणता येईना. दिवसभर खिडकीत बसायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, जणू त्याचीच चूक झालीय.

व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, बोटं हलती ठेवा, नाहीतर हात कायमचा जाईल.

आमची मुलगी मारिता कागदाच्या गिरणीत इलेक्ट्रिशियन आहे. एका शनिवारी ती आली, काखेत तिचा लहानपणचा टीव्हीला जोडायचा गेम घेऊन.

"आई, बरण्या उचल. मी हा बाबांच्या मशीनला जोडते."

"त्या मशीनला? अगं, तो टीव्हीचा खेळ आहे."

"दुकानात बसून एवढंच शिकलीस होय? पडद्याची ट्यूब चांगली आहे, जॉयस्टिक चांगली आहे. फक्त मेंदू बदलायचा."

"माझाही बदल जमला तर."

"तुझ्या मापाचा मिळत नाही," ती म्हणाली. रेइनो तोंडाच्या एका बाजूने हसला.

दिवसभर ती मशीनच्या पोटात डोकं घालून बसली होती. सोल्डरिंगचा धूर जिन्यावरून वर येत होता. तिने डावी बाजूच तेवढी जोडली. उजवीकडे दुसऱ्या खेळाडूची जॉयस्टिक आणि बटणं होती. त्यांच्या तारा तशाच लोंबत्या ठेवल्या. खेळणार एकटे बाबाच होते ना.

"आता नाणं नको, काही नको," ती म्हणाली. "हे बटण दाबलं की डाव सुरू. तेच मध्ये दाबलं की जिथल्या तिथे थांबतो. बाबा जेवून येऊन पुढे खेळू शकतात."

रेइनोने मान हलवली. नको, नको.

दुकानातल्या मशीनवर डाव असा थांबवता यायचा नाही. मागे माणसं उभी असायची.

आम्ही दोघी हसलो.

पण तो खेळायला लागला! जॉयस्टिकवर डावा हात, बटणावर उजवा. विमानांचा खेळ होता. आधी बोट नुसतं थरथरायचं. मग दाबलं जाऊ लागलं. आठवड्याभरात तो तळघरातून ओरडला, "एल... वी!"

मी जिन्यातच बसले आणि रडले.

त्याच दुपारी मला ते दिसलं.

काचेखालच्या पट्टीवर... एक नाणं.

रेनडिअरची बाजू वर.

मारिता ठेवून गेली असेल, गंमत म्हणून. मी ते उचललं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. रेइनोने माझा हात घट्ट धरला. चेहरा पांढरा पडला होता त्याचा.

"काय झालं?"

त्याला सांगता येईना. तो माझ्यामागे बघत होता.

मागे कुणी नव्हतं.

संध्याकाळी मी मारिताला फोन केला. "मी कशाला ठेवू?" ती म्हणाली. "तूच ठेवलं असशील आणि विसरली असशील."

दुसऱ्या दिवशी पट्टीवर पुन्हा नाणं.

मी खिशात हात घातला. खिसा रिकामा.

त्या दिवशी मी वर गेले नाही. विणकाम घेऊन तिथेच बसले. रेइनो खेळत होता. आणि मग... मशीनजवळच्या फरशीवर पाणी दिसलं. बर्फाच्या बुटांचं साचतं तसं, दोन पावलांएवढं. दारातून आत आलेला एकही ठसा नाही. नुसती ती दोन डबकी, रेइनोच्या खांद्यामागे.

टक... टक टक...

उजवीकडचं बटण. ज्याची तार जोडलेलीच नव्हती ते.

मी बघत होते. बटण आत जात होतं, वर येत होतं. कंटाळलेला माणूस टेबलावर बोट वाजवतो तसं.

रेइनो मान न वळवता, अडखळत म्हणाला, "हा झाला... की... तुझा."

तो माझ्याशी बोलत नव्हता.

मी धावले आणि बटण दाबून डाव थांबवला. विमान काचेवर जिथल्या तिथे गोठलं. टकटकही थांबली.

रेइनोला मी कशीबशी वर आणलं. डाव संपलाच नाही, तर पुढच्याचा नंबर कसा लागेल? हसू नका. तुमच्या माणसामागे कुणी असं उभं राहिलं, तर तुम्हीही असाच हिशेब कराल.

मशीन मी बंद केलं नाही. तळघराला कडी घातली. रेइनो जेवेना. हात पुन्हा आखडायला लागला. आणि खालून, दिवसाउजेडी...

टक. टक. टक.

रविवारी मारिता आली.

"आई! मशीन चालू ठेवलंस? अगं, तेच चित्र राहिलं तर ट्यूबवर कायमचा डाग पडतो!"

"पडू दे."

"आणि बाबांचा हात बघ. का खेळू देत नाहीस?"

काय सांगणार होते मी? तरी सांगितलं. नाणं, पाणी, बटण, सगळं. ती माझा हात हातात घेऊन फार प्रेमाने म्हणाली, "आई, तू थकलीयेस गं."

एवढं बोलून ती बापाला खाली घेऊन गेली.

मी मागोमाग गेले. "रेइनो, नको. माझं ऐक."

तो खुर्चीत बसला. माझ्याकडे वळून बघितलं. डोळे भरलेले. त्याने मान हलवली, कुणाला फार वेळ ताटकळत ठेवल्यावर आपण ओशाळून हलवतो तशी.

मग त्याने बटण दाबलं.

फार छान खेळला. दुकानात खेळायचा तसा. मारिता टाळ्या पिटत होती. मी पाण्याच्या त्या दोन डबक्यांकडे बघत होते. ती हळूच पुढे सरकली...

विमान फुटलं. डाव संपला.

पट्टीवरचं नाणं दिसेनासं झालं.

आणि मशीनच्या पोटात, जिथे आता नाणं पडायला वाटच नव्हती, तिथे काहीतरी खणकन पडलं.

रेइनो उठला. कशाचाही आधार न घेता उठला. एक पाऊल बाजूला झाला. "बाबा!" मारिता किंचाळली, आनंदाने.

क्षणभर तो तसाच उभा राहिला, रिकाम्या खुर्चीशेजारी. ओठ हलले. माझं नाव असावं.

मग त्याने उजव्या हाताने खुर्ची ओढली. उजव्या!

बसला. बोटं कडाकडा मोडली. आणि खेळायला लागला, दोन्ही हातांनी, मोठमोठ्याने हसत.

डॉक्टर म्हणाले, असं हजारात एखाद्याचं होतं. मारिताने वेलदोड्याचा पाव भाजून सगळ्या शेजाऱ्यांना वाटला. रेइनो आता चालतो, बोलतो, बर्फ उपसतो. चर्चमध्ये बायका म्हणतात, एल्वी, तू भाग्याची.

मीही हसते. दुसरं काय करू?

माणसांत तो मला एल्वी म्हणतो. पण घरात आम्ही दोघंच असलो की...

"मीठ देता का, मिसेस कोस्केला?"

अगदी अदबीने. दुकानात येणारी पोरं म्हणायची तसं.

एकदा धीर करून मी विचारलं, "रेइनो कुठे आहे?"

त्याने चमचा खाली ठेवला. मग पुन्हा सूप प्यायला लागला.

मारिताला सांगून बघितलं. ती आता मलाच डॉक्टरकडे न्यायचं म्हणतेय. मशीन फोडायला मी कुऱ्हाड उचलली होती, पण हातच उठला नाही. रेइनो जिथे कुठे असेल, तिथून परत यायची ती एकच वाट असली तर?

दर शनिवारी आम्ही सौना, म्हणजे वाफेने अंघोळ करायची खोली, तापवतो. लग्नापासूनची सवय. पन्नास वर्षं रेइनो सरळ दार ढकलून आत यायचा, माझ्या शेजारी बसायचा. आता मी एकटीच आत जाते आणि आतून कडी लावते.

मग दारावर टकटक होते. आवाज रेइनोचाच असतो, माझ्या नवऱ्याचा. फार नम्र.

"मी आत येऊ का, मिसेस कोस्केला?"

आज शनिवार आहे. तो बाहेर सौनासाठी लाकडं फोडतोय.