पुसलेलं ताट

चिणला म्हणे! सख्ख्या भावाला भट्टीच्या भिंतीत चिणला म्हणे!

दाजी, सूनबाईचं मी समजू शकतो. नवरा घरी आला नाही, बाई काहीही बोलेल. धंद्यात वाटा नको म्हणून थोरल्यानं धाकट्याचा काटा काढला, इथवर तिची जीभ गेली. जाऊ दे. आता माहेरी जाऊन बसलीय, तिला उत्तर द्यायला मी आलेलो नाही. पण तुम्ही बाप ना दोघांचा? तुम्हीही मान डोलावलीत आणि थोरल्याला दारातून हाकललंत. त्यानं काय केलं माहीत आहे? सूनबाईसमोर, सगळ्या गल्लीसमोर, स्वतःच्या हातानं बांधलेली भट्टी स्वतःच फोडली. वीट न वीट बाहेर काढली. आत काय निघालं? ओली माती. बाकी काही नाही.

मग धाकटा गेला कुठं? तेच सांगायला आलोय. बसा. दिवा राहू द्या तसाच. आणि मध्ये तोंड घालू नका, माझं डोकं आधीच तापलंय.

काम अगदी साधं होतं. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर सीरियातून आलेल्या कुटुंबाची खानावळ आहे ना, दारावर मोठ्या हिरव्या अक्षरात 'हलाल' लिहिलेली, तिथली रोटीची भट्टी तडकली होती. मालक, त्याची बायको आणि लेक, घरचीच माणसं राबतात तिथं. पुढं गिऱ्हाइकांची खोली, मागं स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ही भट्टी. दोघं भाऊ सकाळीच घमेली, थाप्या घेऊन पोचले. जुना घुमट उतरवला, नव्या विटा लावल्या, आतून मऊ मातीचा लेप दिला. शेवटी धाकट्यानं भट्टीच्या तोंडाशी ओल्या मातीत अंगठा दाबला. त्याची ती लहानपणापासूनची खोड. जिथं काम केलं तिथं अंगठा.

थोरला खेकसला, "झाली का सही साहेबांची? हो बाजूला."

मग त्यानं मालकाला बजावलं, "ही खडखडीत वाळेपर्यंत आत काडीसुद्धा पेटवायची नाही. ओल्या भट्टीत जाळ घातलात तर परत तडकणार. मग माझ्या नावानं शंख करू नका."

मालक भला माणूस. आपल्या भाषेत मोडकंतोडकं बोलतो. म्हणाला, "नाही पेटवणार. तोवर रोटी बाहेरून आणतो. पण तुम्ही जेवून जा. आमच्याकडे काम केलेला माणूस उपाशी जात नाही."

थोरल्याच्या तोंडात 'नाही' आलंच होतं. धाकट्यानं हळूच कोपरखळी मारली. "दादा, दुपार टळली. पोटात कावळे नाहीत, गिधाडं ओरडतायत. बस ना."

धाकट्यासाठी बसला बिचारा. नाहीतर निघालाच होता.

स्वयंपाकघराला लागूनच एक खोली आहे, तिचं दुसरं दार पुढं गिऱ्हाइकांच्या खोलीत उघडतं. घरची माणसं आणि कामाला आलेली माणसं तिथंच जेवतात. मधोमध टेबल, एका भिंतीला दुधी काचेची खिडकी, स्वयंपाकघराच्या दाराला जाड तपकिरी पडदा. मालकानं स्वतः ताटं मांडली. उकडलेल्या चण्याचं मऊ वाटण, वर तेलाची धार, भाजलेलं वांगं, मटण, भात, बाहेरून आणलेल्या गार रोट्या. "सावकाश होऊ द्या," म्हणाला, आणि पुढं गिऱ्हाईक आलं म्हणून निघून गेला.

दोघं जेवले. कसे जेवले ते तुम्हाला सांगायला नको. तुमचीच शिकवण. माझी बहीण गेली तेव्हा ही पोरं शेजारीपाजारी जेवायची. तुम्ही दोघांना समोर उभं करून सांगितलं होतं, दुसऱ्याच्या घरी ताट पुसून उठायचं, शीत टाकलंत तर परत कुणी बोलावणार नाही. त्यांनी रोटीच्या तुकड्यानं ताट असं पुसलं की तोंड बघून घ्यावं.

पडदा हलला आणि एक म्हातारी आली.

काळा झगा, डोक्याला पांढरं फडकं, हातात मोठं पातेलं. मालकाची आई असेल असं थोरल्याला वाटलं. तिनं दोघांच्या ताटांकडे पाहिलं, हळहळल्यासारखं च्‌च्‌ केलं आणि भात वाढला. त्यावर मटण. वर एकेक रोटी, वाफाळलेली, टम्म फुगलेली.

"आजी, बास... पोट भरलं," थोरला म्हणाला.

ती हसली. धाकट्याच्या केसांवरून हात फिरवून पडद्याआड गेली.

दोघांनी तेही संपवलं. टाकायचं कसं? पडदा परत हलला. परत भात, परत रोटी. थोरल्यानं ताटावर आडवा हात धरला. तिनं तो अलगद बाजूला केला. तिचा हात गार होता, दाजी. पावसात भिजलेल्या विटेसारखा गार आणि जड.

धाकटा कानाशी लागला, "दादा, म्हातारीला वाटतंय आपण उपाशीच आहोत. पटापट संपवू आणि उठू."

संपवलं. परत आली. असं किती वेळा झालं, थोरल्याला सांगता येत नाही. पोटाचा दगड झाला होता. खिडकीच्या काचेतला उजेड होता तिथंच होता, ना वाढला ना उतरला. पुढच्या खोलीतून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकू येत होतं, चमचे वाजत होते, कुणीतरी खदखदून हसलं. भिंतीपलीकडे सगळं जग होतं. थोरल्यानं मालकाला हाक मारली. आवाज बाहेर पडला, पण जागच्या जागी बसला, ओल्या गिलाव्यावर खडा मारावा तसा.

त्यानं उठायला खुर्ची मागं रेटली. हलेना. पायांत बळ होतं, ताकद लावली, तरी खुर्ची जणू फरशीत बसवून वरून सिमेंट ओतल्यासारखी.

तेवढ्यात नवी रोटी ताटात पडली. थोरल्यानं तोडायला हात घातला आणि चटका बसला. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला.

रोटी गरम होती. भट्टीतून आत्ता काढलेली, खालून डाग पडलेली, मातीच्या पोटात भाजल्याशिवाय येत नाही तशी. त्या घरात भट्टी एकच. ती यांनी आत्ताच लिंपली होती. आत बोट घातलं तर बोट रुतेल इतकी ओली होती. मग ही रोटी भाजली कुठं?

त्यानं रोटी उलटी केली. काठाजवळ एक खळगा होता. अंगठ्याएवढा. त्यावर बारीक रेघा.

"धाकट्या," तो पुटपुटला, "खाऊ नकोस... थांब... ऐकतोस ना?"

धाकटा खाली मान घालून खात होता. गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "संपवतो... संपवलं की उठू... दादा, पानात टाकायचं नाही..."

पडदा हलायला लागला.

थोरल्याचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. भीती वाटली की तो रडत नाही, भडकतो. माझ्यावर गेलाय. तो ओरडला, "बास म्हटलं ना, म्हातारे!" आणि ताट असं ढकललं की भात टेबलभर झाला, रोटी तेवढी ताटातच राहिली.

म्हातारी दारात थांबली. तिनं त्याच्या ताटात उरलेल्या त्या रोटीकडे पाहिलं. मग पोर जेवलं म्हणून आईनं सोडावा तसा सुस्कारा सोडला. राग नाही, काही नाही. थोरल्याची खुर्ची आपोआप मागं सरकली. मग ती धाकट्याकडे वळली. त्याचं ताट लख्ख पुसलेलं होतं.

थोरल्यानं धाकट्याचा दंड धरून ओढला. हलवता येईना. कानात ओरडला, "एक घास टाक! एक घास ताटात ठेव, सुटशील!" धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं, घाबरलेल्या लहान मुलासारखं. "तात्या मारतील..." म्हणाला आणि परत चावायला लागला.

बायको-पोरं असलेला बाप्या, दाजी. आणि कुणाला भ्यायला? तुम्हाला.

थोरला मालकाला आणायला पुढं धावला. पुढं सगळं नेहमीचं. लोक जेवतायत, मालकाची लेक पाणी देतेय. त्यानं मालकाचा सदराच धरला. "तुझी आई आवर! माझ्या भावाला मारेल ती चारून चारून!"

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "तुम्ही... ताट रिकामं केलं? सगळं?"

"मग काय टाकायचं?"

"आई वारली," मालक म्हणाला. "त्याच खोलीत. बरीच वर्षं झाली."

धावत मागं गेले. खोलीत कुणी नाही. टेबलावर एक ताट सांडलेलं, एक पुसलेलं. धाकट्याच्या खुर्चीखाली त्याच्या चपला, जोडून ठेवलेल्या. पडद्याआड फक्त स्वयंपाकघर, त्याला बाहेर जायला दारच नाही. खुर्ची अजून गरम होती.

मग मालकानं सांगितलं, मान खाली घालून. त्यांच्या घरात जेवून उठताना ताटात एक घास ठेवतात. घास राहिला म्हणजे माणूस धाला, पोट भरलं. ताट पुसलेलं म्हणजे अजून भूक आहे, वाढा. तिकडे गोळ्या सुटत होत्या त्या दिवसांत घरात अन्न पुरेना, तेव्हा मालकाचा भाऊ ताट पुसून उठला, पोट भरलं म्हणाला आणि बाहेर गेला. परत आला नाही. म्हातारी मरेपर्यंत एकच बोलत राहिली, पोरगं उपाशी गेलं, ताट रिकामं होतं, मला दिसलं नाही. तेव्हापासून पुसलेल्या ताटावर तिचा विश्वास नाही. घरातलं बाळसुद्धा त्या खोलीत घास ठेवून उठतं. कामाची माणसं तर पोटभर झालं की टाकतातच. पुसून उठणारी माणसं असतात, हे मालकाच्या डोक्यातच आलं नाही. थोरल्याचे पाय धरत होता तो.

तर मेलेला नाही तुमचा धाकटा. मी स्वतः गेलो होतो. खोलीत उभा राहिलो. मालकानं त्या खुर्चीसमोर भरलेलं ताट ठेवलं आणि दार लोटलं. आम्ही बाहेरून कान लावला. चावण्याचा आवाज येतो, दाजी. सावकाश, दमलेला. मध्येच हुंदका. दार उघडलं तर ताट पुसलेलं. रोज असंच.

मी मामा आहे, मी हाक मारली. थोरल्यानं मारली. सूनबाईला नेलं तर ती दारातच किंचाळून पळाली आणि वर थोरल्यावरच उलटली. काल थोरला त्या दाराशी बसून लहान मुलासारखा विनवत होता, टाक रे एक घास, माझ्या राजा. चावणं थांबलं. आतून आवाज आला. मी माझ्या कानांनी ऐकला.

"तात्यांनी सांगितलं तर टाकतो."

एवढंच. मग परत चावणं.

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार. 'अन्न टाक असं या तोंडानं मी कधी सांगणार नाही,' हेच ना? तुमचं तोंड कसं आहे ते मला माझ्या बहिणीनं सांगितलंय. पण या खेपेला नुसतं सांगून भागायचं नाही. त्या खुर्चीसमोर बसावं लागेल, चार घास खावे लागतील, आणि त्याला दिसेल असा एक घास ताटात ठेवून उठावं लागेल. तुम्ही. ज्यानं जन्मात शीत टाकलं नाही त्यानं. हात आवरला नाही तर काय होईल, ते मी सांगत नाही.

आणि एक गोष्ट थोरल्यालाही बोललो नाही. आज निघताना खोलीत डोकावलो. टेबलावर तिसरं ताट मांडलेलं होतं. मालकानं मांडलं नव्हतं, त्याच्या बायकोनंही नाही, दोघंही घाबरून माझ्याकडेच बघत होते. ताटात वाफाळता भात. आणि खुर्चीसमोर खाली एक बुटका पाट ठेवलेला, वर घडी घातलेलं मऊ फडकं, पाय लांब करून ठेवायला. तुमचा उजवा गुडघा वाकत नाही, दाजी. थोरल्यानं तिथं ते कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. विचारून घेतलं मी. पाट उजव्या बाजूलाच होता.

ताट निवतंय. काठी घ्या आणि उठा.