आईनं बसवलेली अंडी

आईचं आणि माझं एकच भांडण होतं, आणि ते अंडी उबवण्यावरून होतं. मी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर पार्टची मापं घ्यायची आणि केसाएवढ्या फरकावरून माणसांशी हुज्जत घालायची, हा माझा धंदा. न्हावऱ्याच्या घरी चांगल्या गावरान कोंबड्या असताना मी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, छोटा पंखा, पाण्याची वाटी आणि थर्मोस्टॅट बसवून इनक्युबेटर केला, तेव्हा आई तोंडाला पदर लावून हसली होती.

"खुडूक कोंबडी फुकाट बसती की रं. तिला ना बटन, ना बिल."

"तुझी कोंबडी अकरातली सात काढते. माझ्या मशीनमधनं दहा निघतात."

"निघत्यात. पन अनाथ निघत्यात. हाक कळत न्हाई त्यांला."

हे मात्र खरं होतं. माझी पिल्लं ठणठणीत निघायची, पण संध्याकाळी अंगणभर पांगायची. एकेकाला पकडून डालग्याखाली घालेपर्यंत कंबरडं मोडायचं. आई शेवग्याखाली बसायची, ओच्यात बाजरीची कणी घ्यायची, जीभ टाळूला लावून नुसतं टुक् टुक् करायची, की तिची सगळी पिल्लं पायाशी हजर. ती म्हणायची, पिल्लू कवचात असल्यापासून ऐकत असतं, आणि ज्याच्या हातानं अंडी बसवली त्याचीच हाक त्याला कळते. मी मोबाइलवर शोधलं. पहिलं वाक्य शास्त्रात सापडलं, दुसरं कुठं सापडलं नाही. तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "लिवनाऱ्यानं कोंबड्या पाळल्या असत्याल का?"

यंदा फेब्रुवारीत तिनं तांबडीखाली अकरा अंडी बसवली. नेहमीसारखी विषम, प्रत्येकावर कोळशाची एक रेघ. सहाव्या दिवशी सकाळी चूल पेटवून, भाकरीचं पीठ परातीत काढून ती बाहेर आली, शेवग्याखाली टेकली आणि तिथंच गेली. त्रेसष्ट वय. आप्पा, माझे वडील, दूध आणायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी राहतो त्या कारेगावहून पोचलो तेव्हा अंगणात मांडव पडला होता.

खुर्च्या लावायला जागा हवी म्हणून कुणीतरी तांबडीचं डालगं उचलून शेळीच्या गोठ्यात ठेवलं. कोंबडी भेदरली आणि अंड्यांवरून उठली ती पुन्हा बसली नाही. दुपारी चारला मला ती अंडी आठवली. हात लावला तर गार. घरात माणसं रडत होती आणि मी गोठ्यात बसून अंडी मोजत होतो, याची मला लाज वाटली. तरी मी माळ्यावरचा इनक्युबेटर काढला आणि सुरू केला. तिचं अर्धं राहिलेलं एवढं एकच काम माझ्या हातानं पुरं होण्यासारखं होतं.

आम्ही बौद्ध. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आमच्यात नैवेद्य नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. आप्पा तर या बाबतीत माझ्यापेक्षा कडक. दौंडला रेल्वेत ट्रॅकमन म्हणून तीस वर्षं रुळावर एकट्यानं चालले, पण भूत-खेत म्हटलं की अजून हसतात.

तेच आप्पा जेवेनात. रुसवा नाही, उपवास नाही. दोन घास घ्यायचे आणि ताट सारायचं. "भूकच लागत न्हाई रं सम्राट," एवढंच म्हणायचे. माझ्या चुलतभावाची बायको, मायावहिनी, शेजारीच राहते. ती दोन्ही वेळचा डबा पाठवायची आणि तो तसाच परत जायचा. बावन्न किलोचा माणूस आठ दिवसांत सत्तेचाळीसवर आला. शिरूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पंचेचाळीसच्या खाली गेले तर ॲडमिट करा, नाकातून नळी घालावी लागेल. आप्पांनी ते ऐकलंच. गाडीवर बसताना म्हणाले, "नळी घालून घेनार न्हाई मी. आधीच सांगतो."

मी त्या रात्री गौतमीजवळ, माझ्या बायकोजवळ, पोरासारखा रडलो. एका महिन्यात दोघांना घालवायची माझी तयारी नव्हती.

त्यांना कारेगावला न्यायचं म्हटलं तर ते उंबरा सोडेनात. मग मी त्यांच्या गळ्यात इनक्युबेटर मारला. कामात माणूस तगतो, असा हिशेब. अंडी बसवल्याच्या चौदाव्या दिवशी अंधारात अंड्यामागं बॅटरी धरून बघितलं, तर अकरापैकी नऊ अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं. अर्धा दिवस गार पडूनही नऊ जिवंत होती. प्रत्येकाच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून मी आप्पांना म्हणालो, "कोंबडी अंडी फिरवते, तसं फिरवायला लागतं. सकाळी, दुपारी, सांजच्याला." ते खोक्याच्या काचेतून बघत होते. मान हलवल्यासारखं वाटलं.

दिवसाआड ड्युटी सुटली की मी यायचो. फुल्या आणि गोल बदललेले असायचे. मला बरं वाटायचं.

सोळाव्या दिवशी न्हावऱ्यात सकाळी सातला गेलेली लाईट दुपारी दोनला आली. मायावहिनीचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. खोकं बंद पडलं की दोन तासांत तापमान तीसवर येतं, हे मी स्वतः मोजलेलं होतं. सात तास म्हणजे सगळा कारभार आटोपला. आप्पांना काय सांगायचं, याची जुळणी करतच संध्याकाळी पोचलो. खोक्यातला तापमानाचा काटा किमान-कमाल दोन्ही नोंदवून ठेवतो. दिवसभरातलं किमान होतं सदतीस पॉइंट चार.

"आप्पा, लाईट गेल्यावर काय केलं? गरम पाणी ठेवलं?"

"काय न्हाई. मी आपला बाजंवर पडून हुतो. हात लावून बघितला तर ऊन हुतं."

काटा बिघडला असणार म्हणून मी दुसऱ्या दिवशी कारखान्यातला तपासलेला काटा आणला. दोन्ही सारखेच दाखवत होते.

अठराव्या दिवशी मी आप्पांना म्हणालो, "आता तीन दिवस अंडी फिरवायची नाहीत. पिल्लू चोच वर करून बसतं."

"मी कवा फिरवली?" आप्पा म्हणाले. "मला वाटलं, मशीनच फिरवतंय."

"मशीनला फिरवायची सोय नाही आप्पा. मी सांगितलं होतं ना."

"मला ध्यान न्हाई. मी झाकान एकदा बी उघडलं न्हाई. तुजं मशीन, बिघडलं म्हंजी."

मी मायावहिनीला विचारलं. ती म्हणाली, "मला तर त्या वायरीचं भ्या वाटतं भावजी."

खोक्यात नऊच्या नऊ फुल्या वर होत्या. तिथून पुढं त्या हलल्या नाहीत.

एकविसाव्या दिवशी रविवार होता. सकाळपासून टकटक सुरू झाली आणि दुपारपर्यंत नऊ पिल्लं निघाली. ओली, वेडीवाकडी, एकमेकांच्या अंगावर पडणारी. आप्पांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "अंजनानं बसवल्याली," आईचं नाव घेऊन एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता जेवतील. मी स्वतः ताट वाढलं. त्यांनी माझ्यासाठी म्हणून एक घास घेतला आणि बाकीचं ताट मला संपवायला लावलं.

पिल्लं दहा दिवस बल्बखाली ठेवून मग मी ती अंगणात सोडली. संध्याकाळी डालगं घेऊन कंबर कसून उभा राहिलो. मशीनची पिल्लं, धावाधाव ठरलेली. सहा वाजत आले होते. पिल्लं इकडंतिकडं टोचत होती आणि मध्येच सगळ्यांनी एकदम माना वर केल्या.

मला काहीच ऐकू आलं नाही.

नऊच्या नऊ पिल्लं पळत सुटली आणि शेवग्याखाली जाऊन गोळा झाली. मोकळ्या जमिनीवर टोचायला लागली. मी वाकून बघितलं. जमीन साफ होती, दाणा नव्हता. दारात आप्पा उभे होते. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. "खोलीत असताना बी याच टायमाला भिंतीला जाऊन चिकटत हुती," ते म्हणाले. ती भिंत शेवग्याच्या बाजूची.

मी पिल्लांना घातलेलं खाद्य पिठासारखं बारीक असतं, आणि सवयीनं मी ते वजन करून घालतो. ताटलीतलं जवळपास तसंच होतं. एक पिल्लू उचललं. गळ्याखालची पिशवी टम्म भरलेली होती. बोटांनी चाचपली तर आत कणी लागली. बारीक, कडक, गोल.

डबा न्यायला आलेल्या मायावहिनीला मी विचारलं, "पिल्लांना बाजरी कोण घालतंय?"

"बाजरी कुठली? पोतं तर मी कार्यक्रमानंतर आमच्याकडं न्हेलं, किडे व्हायला लागले व्हते. तुमच्या घरात दाणा न्हाई." मग तिनं आवाज खाली केला. "भावजी, आप्पांचं बघा काय तरी. चार दिस झालं, डब्याचं झाकनबी उघडलं न्हाई. आदी दोन घास तरी खायाचे."

दुसऱ्याच दिवशी कारेगावातून वजनकाटा आणला आणि आप्पांना धरून त्यावर उभं केलं. चव्वेचाळीसची तयारी मनात केली होती. ॲडमिट कुठं करायचं, तेही ठरवलं होतं.

अठ्ठेचाळीस पॉइंट तीन.

मी आधी स्वतः उभा राहिलो. मग आट्याची दहा किलोची न फोडलेली पिशवी ठेवली. काटा बरोबर होता. आप्पांना पुन्हा उभं केलं. अठ्ठेचाळीस पॉइंट तीन.

"आप्पा, तुम्ही काय खाता?"

"जेवतो की."

"कुठं? काय?"

लहानपणी मी काही खुळ्यासारखं विचारलं की ते बघायचे, तसे माझ्याकडं बघितले. "असंल ते," म्हणाले.

पुढच्या गुरुवारी एकोणपन्नास पॉइंट सहा. आठ दिवसांचे सोळा डबे मायावहिनीनं कुत्र्याला घातले होते. आप्पांच्या गालावर तजेला आला होता. कुणाचा बाप सुधारतोय म्हणून कुणी घाबरत नाही. मला भीतीही वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि दोन्ही वेगळे करता येत नव्हते.

शनिवारी मुद्दाम लवकर सुटलो. पावणेसहाला पोचलो तेव्हा आप्पा शेवग्याखाली मांडी घालून बसले होते. पिल्लं भोवतीनं टोचत होती. अंगण लख्ख झाडलेलं होतं. उजेड चांगला होता, सगळं स्वच्छ दिसत होतं.

आप्पांच्या पुढ्यात काही नव्हतं. त्यांचा उजवा हात जमिनीकडं जात होता आणि तोंडाकडं येत होता. ते सावकाश चावत होते.

वास आला. भाकरी तव्यावरून काढून विस्तवाला लावली की येतो तो. घरातली चूल महिन्याभरात पेटली नव्हती.

आप्पांनी मला बघितलं आणि ते सरकले. माझ्यासाठी जागा केली. पण ती त्यांच्या शेजारी नव्हती. मध्ये एका माणसाची जागा सोडून, पलीकडं केली.

"बस," ते म्हणाले. "तुजं बी वाढलंय."

एक पिल्लू त्या मधल्या जागेत आलं आणि जमिनीपासून चार बोटं वर, कशावर तरी, पाय पोटाशी घेऊन बसलं.

"नको आप्पा," मी म्हणालो. "उशीर झालाय, निघतो."

इथं काही नाही, असं मी म्हणालो नाही. हे काय चाललंय, असंही नाही. आई जेवायला बस म्हणायची तेव्हा ज्या आवाजात नको म्हणायचो, त्याच आवाजात बोललो. गाडी फिरवली. अंगणात मी कशालाही हात लावला नव्हता, बसलो नव्हतो, हे मी कुणालाही खात्रीनं सांगू शकतो.

पाऊण तासानं कारेगावच्या घरी पोचलो. गौतमीनं ताट वाढलं. सकाळपासून मी दोन चहांवर होतो, तरी घास उचलवेना. पोट गच्च भरलं होतं. तिच्यासमोरच मला ढेकर आला.

"जेवून आलात तर फोन करायचा ना," ती म्हणाली आणि ताट उचलायला वाकली. मग थांबली. तिनं माझा उजवा हात धरून उजेडाकडं वळवला. बोटांच्या पेरांवर बाजरीच्या भाकरीचा ओलसर चुरा होता. नखांत हिरव्या मिरचीचा खर्डा अडकला होता.

"कुणी वाढलं?" तिनं विचारलं.

मी हात धुवायला उठलो नाही.