खोटं न सोसणारा निखारा

काचवाल्याची भट्टी विझली होती आणि साध्या आगीने ती पेटायचं नाव घेत नव्हती. तिला हवा होता डोंगरमाथ्यावरच्या गुहेतला जिवंत निखारा.

"तो आण, मग माझ्या मुलीशी लग्नाचं बोल," काचवाल्याने मीठ विकणाऱ्या तरुणाला सुनावलं. दारोदार मीठ विकणारा हा कसला डोंगर चढतोय, असा त्याचा होरा!

पण मीठवाला निघाला. वाट दाखवायला मुलीचे मामा निघाले, आणि कुणी अडवायच्या आत मुलगीही निघाली.

"आगीशी माझी रोजची गाठ आहे, तुमची नाही," ती म्हणाली. विषय संपला.

चढण जीवघेणी होती. दगड पायाखालून निसटत होते, वारा अंगातलं त्राण शोषून घेत होता. अखेर गुहा सापडली. मुलीने चिमट्याने निखारा उचलून मडक्यात ठेवला आणि मडकं मीठवाल्याच्या गळ्यात अडकवलं.

"जपून," मामा म्हणाले. "याच्यासमोर खोटं बोललं की हा विझायला लागतो."

उतरताना भर दुपारी धुकं दाटलं. दरीवर दोरांचा जुना पूल होता. मामा आधी पलीकडे पोहोचले; मीठवाला आणि मुलगी अजून पुलावरच होते.

"भीती वाटतेय का रे?" त्यांनी हाक दिली.

"छे! मुळीच नाही!"

निखारा काळवंडला! पुढची फळी दिसेना. तेवढ्यात एक दोर तुटला. पूल कलंडला. मुलीचा पाय निसटला! मीठवाल्याने तिचं मनगट पकडलं.

"खरं बोल!" ती ओरडली. "काहीही बोल, पण खरं!"

"माझी पार गाळण उडालीय! पाय लटपटतायत! पण तुझा हात मी सोडणार नाही!"

भक्कन निखारा पेटला! फळ्या उजळल्या. त्याने तिला वर ओढलं. एक पाऊल. आणखी एक. मामांनी दोघांना खेचून काठावर घेतलं.

"अजून काही खरं उरलंय?" मामांनी धापा टाकत विचारलं.

"गेल्या पावसाळ्यात तुम्हाला ओलं मीठ कोरडं म्हणून विकलं."

"ते मला तेव्हाच कळलं होतं, गाढवा!"

तिघंही खो-खो हसत सुटले.

भट्टीने निखारा गिळला आणि ती धडधडून पेटली. काचवाल्याने लगेच भट्टीत कच्ची काच टाकली. मग वळून म्हणाला, "मुलीला सुखात ठेवशील ना?"

"बाबा, त्याला काय विचारता? मला विचारा."

"बरं बाई, तू सांग."

"आम्ही दोघं राहू सुखात," ती म्हणाली आणि भट्टीकडे वळली. "आता सरका जरा. काच वितळायला लागलीय!"