मेंदूतली अळी

"देठ छाटू नका, बाई! मले या गोबीचा मेंदू करा लागते."

तळेगावच्या बाजारात असलं गिऱ्हाईक वच्छलानं जन्मात पाहिलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर सालची थंडी, आर्वीला कॉलेजात मानसशास्त्र शिकणारा प्रभाकर, आणि त्याचे डोळे... जाऊ द्या, डोळ्यांचं ती कुणाला सांगणार!

त्यानं फुलगोबी तळहातावर धरली. "हा पुढचा भाग विचार करते. मागच्यानं दिसते. खाली लहान मेंदू, तो तोल सांभाळते."

"अन् राग? जळफळाट?"

"भावना? त्या खोल आत."

"म्हंजे तुमी येड्यायचे डॉक्टर होनार!"

"नाई हो. औषध देते तो मनोविकारतज्ज्ञ. मी मानसशास्त्रज्ञ होईन — माणसाचं ऐकून घेईन."

मग वर्गात मेंदू समजावून दाखवायचा होता, त्याच्या सरावाला म्हणून तो दर बाजारी एक गोबी न्यायचा. वच्छला सगळ्यात देखणी गोबी त्याच्यासाठी बाजूला ठेवायची.

चौथ्या बाजारी मात्र सोबत गोपिका आली. त्याच्याच वर्गातली, चष्मेवाली. "उद्या वर्गात आम्ही दोघं मिळून दाखवणार," म्हणाली, आणि त्याच्या हातातली गोबी खुशाल आपल्या हातात घेतली.

आम्ही दोघं! वच्छलाच्या अंगाचा नुसता भडका उडाला. "थांबा, याहून चांगली देते," म्हणत तिनं टोपलीच्या तळची किडकी गोबी काढून दिली. वर हसून दिली!

घरी मात्र तिला घोर लागला. भर वर्गात त्याची फजिती झाली तर? आता कशाला येतोय तो परत! आठ दिवस तिनं स्वतःलाच शिव्या घातल्या.

तो आला. एकटाच.

"अळी निघाली," तो म्हणाला. "भावना कुठं राह्यते ते दाखवून राह्यलो होतो, तिथूनच. सारा वर्ग हासला."

"मीच देल्ली... जाणून." वच्छलाची मान वर होईना. "ती तुमच्या संगं... मले पाहावलं नाई."

"गोपिका तेच म्हने. 'तीन वर्सं मन शिकून राह्यला, अन् एवढं तुले समजलं नाई?'" तो अडखळला. "पन तुमाले तरी कुठं समजलं? दाखवाले एकच गोबी लागत होती. बाकीच्या... मले गोबीची भाजी आवडत बी नाई."

"मंग काऊन नेत होते?"

त्याचे कान लालबुंद झाले. तो टोपलीतली एक गोबी उगाच उलटसुलट करू लागला.

वच्छलानं तराजू खाली ठेवला, पदर सावरला आणि समोर नीट मांडी घालून बसली.

"बोला," ती म्हणाली. "आज मी ऐकून घेते."