भुवईवरची खोक

वंदना, उद्यापासून या वाचनालयाच्या चाव्या तुझ्याकडे, म्हणून सांगते. नाहीतर तोंडही उघडलं नसतं. लोक म्हणतील, रत्नमालाबाई रिटायर व्हायच्या आधीच भ्रमिष्ट झाल्या. म्हणोत बापडे.

माझं काम तुला ठाऊकच आहे. सकाळी पुस्तकं द्यायची-घ्यायची आणि दुपारी एक ते तीन वाचनालय बंद असलं की आपल्या लोकांचा इतिहास लिहायचा. कारखाना बांधला जात होता तेव्हा भंडारा-गोंदियाकडून पहिल्यांदा भिलाईत आलेली, माती वाहणारी माणसं. त्यांचे फोटो कुठले असायला! घरचे सांगायचे, मी काढायची. आधी कपाळ, मग कान, नाक, हनुवटी. डोळे सर्वांत शेवटी. पेन्सिल हाताने फिसकटू नये म्हणून काढून झालेल्या भागावर कोरा कागद ठेवायची. त्यामुळे पूर्ण चेहरा मलाही शेवटीच दिसायचा. असे एकवीस चेहरे काढले. ओळख पटली की लोक रडायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला मोठं समाधान वाटायचं.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. माझा सुमेध कुम्हारीला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. सकाळी गाडीला किक मारता मारता म्हणाला, "मम्मी, आज हाफ डे है. दोन वाजता वाचनालयातच येतो, सोबत जेवू." हे गेल्यापासून माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस. डबा मी दोघांचा आणला होता.

दीडला लाईट गेली. पंखा थांबला, आणि बाहेरचंही सगळं थांबल्यासारखं झालं. रस्त्यावर सायकल नाही, झाडावर कावळा नाही. खणलेल्या ओल्या मातीचा वास आला. भर उन्हाळ्यात, अगं! मी वर पाहिलं तर समोरच्या बाकावर एक बाई बसली होती. दाराला आतून कडी लावल्याचं मला आठवत होतं. पण वाटलं, विसरले असेन.

"तुमी चेहरे काढता म्हन्ते," ती हळूच बोलली. "माह्या पोराचा काढून द्या. फकिरा नाव त्याचं. मी मनकर्णा."

"पोरगा कुठे असतो?"

"भिलाई-तीनच्या टेसनावर गाडीतून उतरला... घरी नाही पोचला. साठ सालापासून वाट पाहून राहिली."

बाई पन्नाशीची दिसत होती. पण मुलाखतीत लोकांची सालं चुकतातच. मी मनावर घेतलं नाही आणि कागद ओढला. ती सांगत गेली. अरुंद कपाळ, बाहेर आलेले कान, सरळ नाक, हनुवटीला खळी. माझा हात कधी नव्हे इतका भरभर चालला.

"चेहरा झाला का येते तो," ती पुटपुटली. "आज येतेच..."

डोळे काढले आणि वरचा कागद बाजूला केला. कागदावरून सुमेध माझ्याकडे बघत होता.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सव्वादोन झाले होते.

"हा माझा मुलगा आहे!" मी ओरडले.

"मंग माहा कुठी हाये?"

फाडून टाकावं वाटलं, पण त्याच्या चेहऱ्याच्या चिंध्या करायला हात होईना. मग वाटलं, हा चेहरा सुमेधचा राहिलाच नाही तर सुटेल तो. खोडरबर घेतला. सरळ नाक मोडून वाकडं केलं. डाव्या भुवईवर खोल खोक काढली, जुन्या जखमेची. वेड्यासारखी गिरवत होते.

मनकर्णा वाकली आणि तिचा चेहरा फुलला. "हां... खोक! मी इसरलीच होती. आता बराबर. हाच माहा."

पंखा सुरू झाला. बाकावर कोणी नव्हतं. दारावर थाप पडली.

दारात सुमेध होता. तोच निळा शर्ट. मी त्याच्या गळ्यात पडून धाय मोकलून रडले. मग तोंडावरून हात फिरवला आणि बोटाला भुवईवरची खोक लागली. केव्हाची भरून आलेली.

"पडलास का रे? हे काय झालं?"

"हे तं लहानपनचं हाये, माय," तो म्हणाला. "लय भूक लागली. टेसनापासून पायीच आलो..."

गाडी सापडली नाही, फोनही नाही. शेजारचे कृष्णराव म्हणतात, पडला असेल, नाक फुटलं, डोक्याला मार लागला, म्हणून हिंदी विसरला. पोलिसांत कोणत्या तोंडानं जाऊ? हरवलेला मुलगा घरात बसलेला आहे! कुम्हारी ते भिलाई-तीन एकेक ढाबा, एकेक दवाखाना मी पालथा घातला. फोटो दाखवला तर ओळखीचे उलट मलाच समजावतात.

गेल्या आठवड्यात त्याला आधारच्या कामाला नेलं. चारदा अंगठा ठेवला, मशीन घेईना. तिथला माणूस म्हणाला, "माताजी, रेखाएँ घिस गई हैं. मिट्टी ढोने का काम करते हैं क्या?"

म्हणून वंदना, तुझ्या पाया पडते. रोज दुपारी मी इथे कडी लावून तिची वाट बघितली. ती आली नाही. उद्यापासून मी इथे नसेन. ती आलीच, तर तिला बसवून ठेव आणि मला लगेच फोन कर.

हा वाईट नाही गं. घरी पानावर बसला की मी पोटभर वाढते त्याला. पण माझ्या सुमेधला तिकडे कोणी जेवायला घालत असेल का?