मुद्दाम चुकलेली उत्तरं

पेपर फाटला तेव्हा तो दोघांच्याही हातात होता.

कोपऱ्यावरच्या त्या कॉफीच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी एकच पेपर यायचा. चष्म्याचं दुकान उघडायच्या आधी ती रोज तिथे जायची, खिडकीजवळचं टेबल पकडायची आणि बातम्यांकडे ढुंकूनही न बघता शब्दकोड्याचं पान काढायची. त्या दिवशी तिने काउंटरवरच्या पेपरला हात घातला आणि पलीकडून आणखी एक हात आला. खरं तर दोघांनी ‘सॉरी’ म्हणत पेपर सोडायला हवा होता. दोघांनी ‘सॉरी’ म्हणत तो ओढला.

ती बघतच राहिली. तिच्या हातात आडव्या-उभ्या शब्दांची यादी आली होती आणि कोड्याचे चौकोन त्या माणसाकडे गेले होते.

“फाडलात तुम्ही,” ती म्हणाली.

“मी नुसता धरला होता. ओढलात तुम्ही.”

“मी रोज हाच पेपर घेते.”

“वाचायला की...?”

पुढचं तो बोलला नाही, पण ओठांच्या कोपऱ्यात ते दिसलंच. कॉफीवाल्या काकूंनी दोन कप काउंटरवर आपटले. “आता एकाच टेबलावर बसा दोघं. दुसरा पेपर काही मी आणायची नाही.”

बसावं लागलं. कोडं अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने यादी वाचायची, त्याने चौकोन मोजायचे, असं सुरू झालं. ‘नाकावर बसतो, दोन्ही कान धरतो. दोन अक्षरी.’ तिने पेन चावला. मास्तर? तीन अक्षरं. राग नाकावर बसतो, पण तो कान कशाला धरेल? समोरचा माणूस काही न बोलता आपल्या नाकाचा शेंडा चोळत तिच्याकडे पाहत होता. इतकं टक लावून, की ती गोरीमोरी झाली आणि घाईघाईने चष्मा सावरला.

चष्मा.

दिवसभर चष्मे विकणारी, स्वतःच्या नाकावर चष्मा असलेली ती... हसू की रडू, कळेना. तो मात्र मनापासून हसला.

“नवीन दिसताय कोड्यांत,” ती आपली लाज झाकायला म्हणाली. “उत्तर सुचलं तर बोलावं हो माणसानं. उद्या या, शिकवते.”

आणि तो दुसऱ्या दिवशी खरंच आला.

मग येतच राहिला. ‘रात्रपाळी असते,’ एवढंच त्याने सांगितलं होतं. कसली, ते तिने विचारलं नाही. मधल्या बोटावर लाल शाईचा ठिपका, डोळे जागरणाने तांबारलेले, आणि उत्तरं... उत्तरं अशी चुकीची, की ऐकत राहावं. ‘पाण्यात राहतो, घर पाठीवर, तीन अक्षरी’, तर हा गंभीरपणे म्हणणार, “पाहुणा?”

“पाण्यात?”

“आमच्याकडे आंघोळीला गेला की बाहेरच येत नाही.”

ती ‘कासव’ लिहायची आणि त्याच्याकडे दयेने बघायची. घरी तिला कोणी फार हुशार समजत नसे. दादा सगळ्या परीक्षांत पहिला आणि ही कशीबशी पास होणारी. या टेबलावर मात्र कोणीतरी तिच्या उत्तराची वाट बघायचं. ती अडली की तोही अडायचा, ती चिडली की तोही कोडं बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायचा. “हे बघा, ‘नदी, दोन अक्षरी’. हा काय संकेत झाला? नुसता आळस आहे हा,” ती टेबलावर पेन आपटायची. तो मान डोलवायचा. काकू लांबूनच म्हणायच्या, “आले का आमचे आडवे-उभे?” आणि दोघंही ऐकलं नाही असं दाखवायचे.

कधी पेन देताना बोटं लागायची. दोघांचं लक्ष एकदम चौकोनांत जायचं. बाहेर पाऊस भुरभुरत असला तर कोडं हमखास लांबायचं... कुणामुळे, ते कुणी बोलायचं नाही.

हे असंच चाललं असतं. पण वहिनीने स्थळ आणलं.

“रविवारी येतायत ती मंडळी,” वहिनी सकाळी डबा भरता भरता म्हणाली. “आज दुपारपर्यंत सांग मला. हो तर हो, नाही तर नाही. लोकांना लटकत ठेवणं बरं नव्हे. आणि त्या तुझ्या कोड्यातल्या माणसाला एकदाचं विचार, नुसते चौकोनच भरायचेत का म्हणावं.”

“वहिनी, तुझं आपलं काहीतरीच.”

“काहीतरीच ना? मग लाल का झालीस?”

तर त्या दिवशी ती ठरवून निघाली होती. आज विचारायचं. स्थळाचं सांगायचं आणि तो काय म्हणतो ते बघायचं.  आधी कोडं होऊ दे, असं तिने मनाला बजावलं.

कोडं काही होईना.

“आडवा सात,” तिने वाचलं. “‘घरं चौसष्ट, राहायला कोणी नाही.’ हे तर बुद्धिबळ. पण इथे तीनच चौकोन आहेत. बुद्धिबळ तीन चौकोनांत कसं बसवणार, एक अक्षर खिशात ठेवू?”

तोही आपल्याच विचारात होता. कॉफी ढवळत होता, साखर कधीच विरघळली होती. “तीन कसे?” तो म्हणाला. “चार आहेत. त्यातल्या ‘ब’वरून खाली ‘बहाणा’ उतरतो आणि ‘णा’च्या खाली काळा चौकोन...” त्याने पेन घेतला, कागदी रुमालावर भराभर रेघा मारल्या. इथे काळा, तिथे काळा, या कोपऱ्यात दोन. जणू पाढा म्हणत होता.

ती त्या कागदाकडे बघत राहिली. मग पेपरकडे. तिने उभे शब्द अजून वाचलेलेच नव्हते. आता वाचले. ‘न जाण्यासाठी सांगतात, तीन अक्षरी.’ बहाणा. कागदावरच्या चौकोनांत सगळे शब्द चपखल बसत होते. पेपरातल्या चौकोनांत एकही बसत नव्हता. पेपरवाल्यांनी आजच्या संकेतांखाली भलतेच चौकोन छापले होते.

आणि जे छापलेच नव्हते, ते याला तोंडपाठ होते.

“हे तुम्हाला कसं माहीत?” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

त्याचा हात थांबला. त्याने पेपर ओढून पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो कागदासारखा पांढरा पडला. “हे... हे मी पास केलं,” तो पुटपुटला. “मी सही केली यावर.”

“कशावर?”

“मी या पेपरात प्रूफं वाचतो. रात्री. कोड्याचं पानही माझ्याकडेच असतं.” तो थांबला. “आधी सोडवून बघावं लागतं. चूक राहायला नको म्हणून.”

काकूंच्या यंत्रातून वाफेचा आवाज येत होता. तिला वाटलं, तो आपल्या डोक्यातूनच येतोय. म्हणजे रोज... रोज सकाळी हा उत्तरं घेऊन बसायचा. नाकाचा शेंडा. पाहुणा. आंघोळीला गेलेला पाहुणा.

“इतके महिने,” ती म्हणाली, “तू मुद्दाम चुकत होतास?”

‘तू’ कधी तोंडातून निसटलं, तिला कळलं नाही. त्याला कळलं. पण ही वेळ आनंदून जायची नव्हती.

“पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण तुम्ही म्हणालात, शिकवते. मग... मला शिकायचं होतं.”

“माझी गंमत बघत होतास.”

“गंमत नाही. मी चुकलो ते मुद्दाम चुकलो, कबूल. पण तुम्ही बरोबर होतात ते माझ्यामुळे नाही. ते मी कुठे ठरवत होतो?” त्याने खिशातला फोन काढला, तो मघापासून थरथरत होता. “साहेबांचा आहे. सगळ्या गावाचं कोडं चुकलंय आज.”

“आणि हे का चुकलं? तिथेही मुद्दाम?”

तो उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “काल मी इथे तुमच्यासमोर डुलक्या काढल्या. म्हटलं, उद्या तरी डोळे उघडे हवेत. पानाचं शेवटचं प्रूफ नीट न बघता सही केली आणि झोपायला पळालो.”

तो गेला. कॉफी तशीच राहिली. काकू काही बोलल्या नाहीत. काकू काही बोलत नाहीत, हाच मुळात एक धक्का होता.

तिने दुकान उघडलं, काचा पुसल्या, त्याच काचा पुन्हा पुसल्या. आपण किती मिजाशीत शिकवायचो त्याला. ‘आडवा अडला की उभा धरावा, हे लक्षात ठेवा.’ आणि तो मान डोलवायचा, मेला. हसत असेल मनातल्या मनात. तिने वहिनीला लावायला फोन उचलला. येऊ देत रविवारी त्या लोकांना. निदान ते जे काही असतील ते समोर तरी असतील.

तेवढ्यात दार ढकलून एक आजोबा आत आले. काठी काउंटरला टेकवली, नाकावरचा चष्मा काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

“परवाच केला तुमच्याकडे. नंबर चुकलाय.”

“काय होतंय, आजोबा?”

“चौकोन कमी दिसतात.” त्यांनी बगलेतला पेपर पसरला. “चार अक्षरी शब्दाला तीनच दिसतात. रात्रीत डोळे गेले की काय माझे? मुलाला अजून सांगितलं नाही, घाबरेल तो.”

  “डोळे ठणठणीत आहेत हो तुमचे. पेपरच चुकलाय.” तिने पर्समधला तो कागद काढला. का ठेवला होता पर्समध्ये, कोण जाणे. “चौकोन असे आहेत. यात भरून बघा.”

आजोबांनी आधी कागदाकडे, मग तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग खुर्ची ओढली. एकेक अक्षर घालत गेले, आणि एका ठिकाणी अडले. “‘दिवसभर पाठलाग करते, अंधारात सोडून जाते. तीन अक्षरी.’ छे. काय बुवा हे?”

तिला येत होतं. जिभेवर होतं. आजोबा भिंतीकडे बघत होते, ओठ हलत होते, काठीच्या मुठीवर बोटं वाजत होती. जवळ आले होते ते, अगदी जवळ. सांगितलं तर संपलंच.

“काळजी?” ती म्हणाली.

“काळजी?” आजोबा तिच्यावर उखडलेच. “काळजी अंधारात सोडून जाते? वय काय तुझं, पोरी? अंधारात तर ती उशाशी येऊन बसते. सोडून जाते ती...” आणि ते थांबले. चेहरा असा उजळला, जणू कोणी आत दिवा लावला. “सावली. अगं, सावली. एवढं साधं तुला येईना?”

“नाही आलं बाई,” ती म्हणाली.

आणि म्हणता म्हणता काउंटर घट्ट धरून उभी राहिली. हे आपण काय केलं? कुणी शिकवलं आपल्याला हे? मनात हसलो का आपण या म्हाताऱ्याला? छे. तो चेहरा बघायचा होता. तो चेहरा उजळताना समोर असायचं होतं, बास.

इतके महिने कुणीतरी रोज सकाळी, झोप सोडून, तिच्या समोर बसत होतं.

आजोबा ‘तुमच्यासारख्या तरुण पोरींनी डोकं चालवावं’ असा उपदेश करून गेले, तेव्हा तिने वहिनीला फोन लावला. बोलणं फार झालं नाही. वहिनी एवढंच म्हणाली, “नक्की ना?” आणि ही म्हणाली, “नक्की.” तिने फोन ठेवला. नक्की कशाच्या जोरावर? तो तर परत येईल की नाही, हेही माहीत नव्हतं.

दुपारी तो दारात उभा होता. भिजलेला. या दुकानात तो याआधी कधी आला नव्हता.

“नोकरी?” तिने विचारलं.

“आहे. कोड्याचं पान काढून घेतलं. आता छोट्या जाहिराती तपासायच्या.” तो पायपुसण्यावरच थांबला होता. “त्या कोडं बनवणाऱ्या बाई मात्र माझ्या बाजूने बोलल्या. म्हणाल्या, याच्याकडूनच मला तक्रारी कळायच्या. ‘नदी, दोन अक्षरी’ त्यांनी तुमच्यामुळेच बंद केलं.”

ती थक्क झाली. खरंच, कधीपासून नव्हता असला संकेत. तिला वाटलं होतं, पेपरवाल्यांना आपोआप अक्कल आली.

“तर उद्यापासून मला उत्तरं माहीत नसतील,” तो म्हणाला. “म्हणजे... उद्या असेल तर.”

“रविवारी मला बघायला एक स्थळ येणार होतं,” ती म्हणाली.

 त्याच्या केसांतून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

“वहिनीला सांगितलं, नको म्हणून.”

“का?”

“तूच सांग. का असेल?”

“मुलगा... आवडला नाही?”

“बघितलाच नाही अजून.”

“मग लांबचा असेल. घर सोडावं लागत असेल.”

“मुद्दाम चुकू नकोस.”

“मुद्दाम नाही गं,” तो म्हणाला. “खरंच सुचत नाहीये मला काही.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर आठी, तोंड किंचित उघडं, नजर कुठल्याच चौकोनावर ठरत नव्हती. हा चेहरा तिने आजवर पाहिलाच नव्हता. टेबलापलीकडचा तो गंभीर, विचारात पडलेला चेहरा नुसतं नाटक होता, हा खरा. आणि किती बावळट दिसत होता तो... किती गोड.

उत्तर तिला येत होतं. सांगून टाकणं काही अवघड नव्हतं. पण तिने काउंटरवर कोपर टेकलं, हातावर हनुवटी ठेवली आणि वाट बघत राहिली. बाहेर पाऊस वाढला. भिंतीवरच्या आरशांत तोच तो, तोच तो, सगळीकडून गोंधळलेला.

मग हळूहळू त्याची आठी सुटली. डोळे मोठे झाले. त्याने बोट उचललं, स्वतःच्याच छातीकडे नेलं, आणि मध्येच थांबवलं.

“मी?” तो म्हणाला.

 काउंटरखालचा कोरडा टॉवेल काढून तिने त्याच्या हातात दिला, आणि या वेळी कुणीच तो ओढला नाही.